झाडावर बसले ते सगळे बांडगूळ नसते

भिवंडी तालुक्यात आणि आसपास ‘हवेवर जगणारी’ झाडे दोन प्रकारांनी भेटतात. पहिले रोपवाटिकेतून किंवा ऑनलाइन मागवलेल्या खोक्यातून घरी येते. त्याला माती नसते, पाने रुपेरी असतात आणि ते ‘एअर प्लांट’ या नावाने विकले जाते. दुसरे वज्रेश्वरी-गणेशपुरीकडच्या जुन्या आंब्यांवर, तानसा आणि तुंगारेश्वरच्या रानात फांदीला मुळांनी घट्ट धरून बसलेले असते. पहिले चमत्कार समजून पाण्यावाचून मारले जाते, दुसरे रोग समजून कोयत्याने. दोन्ही चुका एकाच सवयीतून होतात. झाड कुठे बसले आहे एवढे पाहून ते काय आहे, हे ठरवले जाते. वनस्पतीचे कूळ फूल, फळ, बी आणि आनुवंशिक नाते पाहून ठरते. ती दुसऱ्या झाडाचे नुकसान करते की नाही, हे तिची मुळे काय करतात यावरून कळते. या दोन कसोट्या लावल्या की पुढील बहुतेक समजुती टिकत नाहीत.

गैरसमज: झाडावर उगवले ते बांडगूळच, दिसेल तिथे तोडावे.

ही समजूत निराधार नाही. खरे बांडगूळ, म्हणजे डेन्ड्रोफ्थी फाल्काटा, आंब्याचे खरोखरच नुकसान करते. त्याची शोषक मुळे सालीतून थेट लाकडात शिरतात आणि फांदीतले पाणी व क्षार ओढून घेतात. पाने हिरवी असल्याने अन्न ते स्वतः बनवते, म्हणून ते अर्धपरजीवी. जोड बसतो तिथे फांदी गाठीसारखी फुगते आणि पुढचा भाग हळूहळू वाळतो. फुलटोच्या पक्षी त्याची फळे खातो आणि चिकट बिया फांदीला पुसून टाकतो. एकदा शिरकाव झाला की प्रसार वेगाने होतो तो त्यामुळे. पण त्याच आंब्यावरच्या रास्नेची, म्हणजे वांडा टेसेलाटा या ऑर्किडची, पांढरट जाड मुळे सालीवरूनच पसरतात, लाकडात शिरत नाहीत. त्यांना आधार हवा असतो, रस नव्हे. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. त्या जुन्या, थकलेल्या झाडांवर जास्त दिसतात, कारण तिथली साल खडबडीत असते, ऊन पोचते आणि वस्तीला वर्षानुवर्षे मिळालेली असतात. पाहणाऱ्याला वाटते की त्यांच्यामुळेच झाड थकले. फार दाट वाढ झाली तर पोकळ फांदी वजनाने मोडू शकते, पण तो भाराचा प्रश्न आहे, शोषणाचा नाही.

गैरसमज: जमिनीत उभे असलेले झाड स्वावलंबी आणि झाडावर बसलेले परावलंबी.

चंदन जमिनीत ताठ उभे असते, तरी त्याची मुळे मातीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्यातले पाणी आणि पोषक द्रव्ये घेतात. चंदन आणि बांडगूळ एकाच गणात येतात. ज्याला देवघरात मान आहे ते अर्धपरजीवी आणि ज्याला कोयता दाखवला जातो ते ऑर्किड स्वतःच्या कष्टावर जगणारे, अशी ही उलटी गत आहे. अमरवेलीची गोष्टही अशीच फसवी. कुंपणावर पसरलेले पिवळे दोरे बहुतेक वेळा कस्कुटाचे असतात आणि तिचे नाते रताळ्याच्या कुळाशी आहे. किनारपट्टीत तशीच दिसणारी आणि त्याच नावाने ओळखली जाणारी कॅसिथा मात्र दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातली. दोन्ही परजीवी असल्या तरी रक्ताचे नाते नाही. सारख्या जगण्याने दोघींना सारखे रूप आले. डोळ्यांना पटणारे साम्य वर्गीकरणात पुरावा म्हणून चालत नाही, ते यासाठीच.

गैरसमज: पिंपळ आणि वड ज्या झाडावर उगवतात त्याचा रस पिऊन त्याला मारतात.

ताडाच्या खोबणीतून वर आलेला पिंपळ आणि काही वर्षांनी खाली वाळलेला ताड हे दृश्य कोकणात जुने आहे. निष्कर्ष मात्र चुकतो. पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी टाकलेले बी वर रुजते आणि सुरुवातीची काही वर्षे ते रोप खऱ्या अपिवनस्पतीसारखे जगते. मग त्याची मुळे खोडावरून खाली उतरतात आणि जमीन गाठतात. अशा झाडांना अर्ध-अपिवनस्पती म्हणतात. जमीन मिळाल्यावर ती झपाट्याने वाढतात, आश्रय देणाऱ्या झाडाच्या डोक्यावर सावली धरतात, मातीतल्या पाण्यात वाटा मागतात आणि खोड आवळतात. मृत्यू येतो तो अंधार, स्पर्धा आणि दाबामुळे. रस कुणी पीत नाही. भिवंडीच्या जुन्या इमारतींवर आणि पुलांच्या सांध्यांत पिंपळ उगवतो तेव्हाही त्याला चुन्यातून अन्न मिळत नसते. भेगेतली ओल आणि साचलेली धूळ त्याला पुरते. म्हणून वरचा शेंडा छाटून काम होत नाही. भेगेतले मूळ काढून ओलीचा उगम बंद केला तरच ते पुन्हा फुटत नाही.

गैरसमज: दगडफूल ही झाडाला लागलेली कीड आहे.

गोड्या मसाल्यात घातले जाणारे दगडफूल सालीवर राखाडी पापुद्र्यांसारखे दिसते. वाळत चाललेल्या फांदीवर ते अधिक ठळक दिसते, कारण पाने गळल्यावर तिथे उजेड वाढतो. म्हणून त्याच्यावर ठपका येतो. मुळात दगडफूल ही एक वनस्पती नाही. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६७ साली मांडले की, हे कवक आणि शैवल यांचे संयुक्त शरीर आहे. तेव्हा अनेकांना हे पटले नव्हते, आज ते सर्वमान्य आहे. आतले शैवल प्रकाशावर अन्न बनवते, कवक त्याला निवारा आणि ओलावा देते. सालीला धरून ठेवणारे बारीक तंतू फक्त पकड देतात. गंधकयुक्त धुराला अनेक जातींची दगडफुले फार नाजूक असतात. त्यामुळे अनेक देशांत त्यांची पाहणी करून हवेचा दर्जा अजमावला जातो. झाडावर दगडफूल दिसले तर औषध फवारण्याचे कारण नाही.

गैरसमज: एअर प्लांट, म्हणजे अपिवनस्पती, हे वनस्पतींचे एक कूळ आहे.

एका चाळीत राहणाऱ्या भाडेकरूंचे आडनाव एक नसते. अपिवनस्पती हा राहण्याचा प्रकार आहे, वंश नव्हे. पावसाळ्यात एकाच आंब्यावर काय काय सापडते ते पाहावे. रास्ना हे ऑर्किड. बाशिंग हे नेचे, त्याला फूलच येत नाही. त्याची तपकिरी कडक पाने पालापाचोळा साठवणाऱ्या टोपलीचे काम करतात आणि हिरवी पाने अन्न बनवतात. रानभाजी म्हणून खाल्ला जाणारा रुखाळू अळूच्या कुळातला. खोडावरचे हिरवे शेवाळ या सगळ्यांहून फार जुन्या शाखेतले. जगात वाहक ऊती असलेल्या अपिवनस्पतींच्या सुमारे ३१ हजार जाती नोंदल्या गेल्या आहेत, म्हणजे एकूण वाहक वनस्पतींचा जवळपास दहावा हिस्सा. त्यांतल्या दोन-तृतीयांश ऑर्किड आहेत आणि उरलेल्या अनेक कुळांत विखुरलेल्या आहेत. जर्मन शास्त्रज्ञ शिंपर यांनी १८८८ साली अमेरिकेतल्या अपिवनस्पतींची चार गटांत विभागणी केली. ती विभागणी पाणी आणि अन्न मिळवण्याच्या पद्धतीवर होती. कुळाच्या वर्गीकरणाची जागा ती घेत नाही. दोन्ही विभागण्या खऱ्या आहेत, प्रश्न फक्त वेगळे आहेत.

गैरसमज: दुकानातला एअर प्लांट म्हणजे ऑर्किडचाच एक प्रकार.

दोघांनाही माती लागत नाही, दोघेही लाकडाच्या तुकड्यावर बांधून विकले जातात, तेव्हा गल्लत होणारच. दुकानातले रोप बहुधा टिलॅन्डसिया या प्रजातीतले असते आणि तिचे कूळ अननसाचे. अननसाचे कूळ ज्या गणात बसते त्याच गणात भात आणि ज्वारी येतात. ऑर्किडचा गण वेगळा, त्यात कांदा आणि लसूण आहेत. कुळाचा भूगोलही वेगळा आहे. अननसाच्या कुळातल्या तीन हजारांहून अधिक जाती अमेरिका खंडांतल्या आहेत. अपवाद फक्त पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीच्या एका जातीचा. म्हणजे सह्याद्रीत रानटी टिलॅन्डसिया सापडणार नाही. लिनीअसने १७५३ साली ही प्रजाती एलिआस टिलान्ड्झ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावाने नोंदली. टिलान्ड्झला समुद्रप्रवासाचा धसका होता आणि लिनीअसच्या समजुतीप्रमाणे या झाडांनाही पाणी सोसत नव्हते. आज या प्रजातीत साडेसहाशेच्या आसपास जाती मानल्या जातात. हा आकडा हलतो, कारण आनुवंशिक पुराव्यावर नाती पुन्हा तपासली जातात. गुलाबी पंख्यासारखा तुरा येणारी, कुंडीत विकली जाणारी टिलॅन्डसिया सायनिया २०१६ साली वॉलिसिया या वेगळ्या प्रजातीत गेली. रोप तेच राहिले, नात्याचा अंदाज सुधारला.

गैरसमज: स्पॅनिश मॉस हे शेवाळ आहे.

गॅलरीत राखाडी जटांसारखे लोंबणारे हे रोप शेवाळ वाटते, नावातही तसेच म्हटले आहे. वस्तुतः ते टिलॅन्डसिया अस्निऑइड्स, म्हणजे फुलझाड. त्याला बारीक हिरवट फुले येतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर उडतात. जातीचे लॅटिन नाव अस्निआ या लोंबत्या दगडफुलाशी असलेल्या साम्यावरून पडले आहे. शेवाळाला फूल नाही, बी नाही, तर दगडफूल ही मुळात वनस्पतीच नाही. तिघांचे दिसणे एक, वंश तीन. वाढलेल्या स्पॅनिश मॉसला मुळे जवळजवळ नसतातच, ते नुसते अडकून राहते. म्हणून ज्या झाडावर ते टाकले जाते त्याचा रस ते घेऊ शकत नाही.

गैरसमज: एअर प्लांट हवेवर जगतो, त्याला पाणी लागत नाही.

नाव ऐकून हीच अपेक्षा तयार होते आणि रोप महिनाभर तग धरते, त्यामुळे ती खरीही वाटते. पण हवेत क्षार नगण्य असतात आणि पाण्याची गरज कोणत्याही झाडाला चुकलेली नाही. टिलॅन्डसियाच्या पानांवर सूक्ष्म खवले असतात. पान भिजले की ते पाणी आत ओढतात, कोरडे झाले की ऊन परतवतात. रुपेरी रंग त्यांचाच. चिली आणि पेरूच्या किनारी वाळवंटात काही जाती वाळूवर मोकळ्या पडून केवळ धुक्यावर जगतात. पण धुके म्हणजे पाणीच. ऑर्किडची व्यवस्था मुळांत असते. मुळावरचे स्पंजासारखे आवरण पावसाचे पाणी शोषते, म्हणून राखाडी मूळ भिजताच हिरवट दिसते. भिवंडीच्या हवेत दोन टोके सांभाळावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्यातून दोन-तीनदा रोप पूर्ण भिजवून निथळू द्यावे. पावसाळ्यात मात्र हवाच ओली असते, तेव्हा काचेच्या बंद गोळ्यात ठेवलेले रोप बुडाशी साचलेल्या पाण्याने कुजते. पाने हीच इथे तोंडे आहेत, म्हणून धूळ किंवा यंत्रमागाजवळचे सुताचे तूस पानांवर बसले तर ते धुऊन काढावे. तांब्याच्या तारेने बांधू नये, तांबे या रोपांना विषारी ठरते.

गैरसमज: खरा एअर प्लांट म्हणजे पानफुटी.

इंग्रजीत पानफुटीलाही हेच नाव आहे आणि कारणही सबळ आहे. तिचे पान दोऱ्याने भिंतीवर टांगले तरी कडेच्या खाचांतून इवली रोपे फुटतात. हे मात्र हवेवर होत नाही. जाड पानात साठलेले पाणी आणि अन्न त्या रोपांना पोसते. साठा संपण्यापूर्वी माती मिळाली नाही, तर रोपे वाळतात. पानफुटी मूळची मादागास्करची, जमिनीत वाढणारी, आणि टिलॅन्डसियाशी तिचे नाते नाही. तरीही दोघींत एक साम्य आहे आणि त्याचा शोध भारतात लागला. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीची पाने चाखून पाहिली. ती सकाळी आंबट, दुपारी सपक आणि संध्याकाळकडे किंचित कडू लागतात, हे त्याचे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनीअन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. त्यामागचे कारण पुढे कळले. अशा वनस्पती दिवसा पाणी उडू नये म्हणून पर्णरंध्रे बंद ठेवतात, रात्री उघडतात आणि घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ते आम्ल वापरले जाते आणि आंबटपणा जातो.

गैरसमज: ही झाडे रात्री ऑक्सिजन देतात आणि घरातली हवा शुद्ध करतात.

वरच्या निरीक्षणातूनच हा समज फुगला. रात्री कार्बन डायऑक्साइड घेतला, म्हणजे ऑक्सिजन सोडलाच असेल, असे गृहीत धरले गेले. पण ऑक्सिजन येतो तो प्रकाशाच्या मदतीने पाण्याचे विघटन होऊन. अंधारात हे काम टिलॅन्डसिया करत नाही, पिंपळही करत नाही आणि तुळसही नाही. हवा शुद्ध होण्याची गोष्ट १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगातून पसरली. त्यात लहान, बंद पेट्यांत झाडे ठेवून रसायने कमी होतात का, हे पाहिले होते. घर बंद पेटी नसते. अशा अनेक प्रयोगांचे आकडे २०१९ साली एकत्र तपासले गेले. खिडकीतून सहज होणाऱ्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर जमिनीच्या दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यातून निघाले. टिलॅन्डसियाच्या पानांत जड धातू साठतात आणि त्यामुळे काही शहरांत तिच्यावरून प्रदूषण मोजतात, हे खरे. पण मोजमाप करणे वेगळे आणि शुद्ध करणे वेगळे. धुळीच्या गावात खिडकी, झाडू आणि ओले फडके यांचा उपयोग अधिक.

गैरसमज: फूल येऊन गेले किंवा पाने गळली, म्हणजे रोप मेले.

टिलॅन्डसियाचा एक झुबका आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग हळूहळू वाळतो. नेमके त्याच सुमारास बुडाशी पिल्ले येतात. फुलल्यावर टाकून दिलेल्या रोपाबरोबर पुढची पिढीही कचऱ्यात जाते. आपल्या रानातल्या डेन्ड्रोबियम बार्बाट्युलमची पाने पावसाळा संपल्यावर गळतात. उन्हाळा तोंडावर असताना उघड्या काड्यांवर पांढरी फुले येतात. त्याआधी काही आठवडे ते सरपणासारखे दिसते आणि फांदी साफ करताना काढून फेकले जाते. कोरड्या ऋतूत पान टाकणे ही पाणी वाचवण्याची रीत आहे, सागही तेच करतो.

गैरसमज: रानातले ऑर्किड घरी आणून लावले की ते वाचते.

यामागची भावना चांगली असते. सीतेची वेणी या ऑर्किडचा गुलाबी-पांढरा घोस पाहून ती जपावी असे वाटते. पण ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य कवक भेटले तरच ते रुजते. हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ साली दाखवले. म्हणून एका बोंडातल्या हजारो बियांपैकी अगदी थोड्यांचीच झाडे होतात. फांदीवरचे एक जुने रोप काढले की तिथली पुढची पैदासही थांबते, आणि कवक, सावली व ओल यांचा मेळ गॅलरीत जुळत नसल्याने आणलेले रोपही बहुधा टिकत नाही. शिवाय अभयारण्यातून वनस्पती काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. परदेशी रोपांनाही नियम आहेत. मोठी रुपेरी टिलॅन्डसिया झेरोग्राफिका साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो. रोप हवे असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलेच घ्यावे.

आंब्याची फांदी साफ करण्यापूर्वी जोड नीट पाहावा. मूळ लाकडात शिरले असेल आणि फांदी गाठीसारखी फुगली असेल, तर ते बांडगूळ आहे, फळ धरण्याआधी फांदीसकट छाटावे. मुळे सालीवरून नुसती पसरली असतील आणि ते वड-पिंपळाचे रोप नसेल, तर ते बहुधा ऑर्किड किंवा नेचे आहे. ते झाडाचे काहीही घेत नाही. ते राहू द्यावे.